वरच्या घरात विचारलं का?

प्रस्तावना

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरात बाथरूमचं छत गळत होतं. इमारत जुनी, चार मजली, लिफ्ट नसलेली. छतावर आधी पुरीएवढा डाग पडला, मग तो ताटाएवढा झाला, पुढे प्लॅस्टर सुटून आतली सळई दिसायला लागली. त्या घरातल्या आजोबांनी सोसायटीला पत्र दिलं. सोसायटीनं तिसऱ्या मजल्यावरच्या घराला पत्र दिलं. तिथून उत्तर आलं, ‘आमच्या बाथरूममध्ये काहीही दोष नाही.’ पुन्हा पत्र, पुन्हा तेच उत्तर. चौदा महिन्यांत त्या एका डागाची फाईल बोटभर जाड झाली. तिच्यातल्या शेवटच्या चार पत्रांवर माझी सही आहे. मी तेव्हा नुकतीच सेक्रेटरी झाले होते आणि उपविधीचा क्रमांक घालून कडक भाषेत लिहिलं की काम होतं, अशी माझी समजूत होती.

पाचव्या पत्राचा मजकूर तयार होता. आमच्या नेहमीच्या प्लंबरला मी तो सहज सांगितला, तर तो म्हणाला, ‘कागदानं पाणी अडत नाही, ताई. आधी मला वर जाऊन बघू द्या.’

रविवारी सकाळी आम्ही दोघं वर गेलो. बाईंनी दार उघडलं, आत घेतलं. बाथरूमच्या दाराशी पाठ असलेली एक प्लॅस्टिकची खुर्ची ठेवलेली होती. आतल्या खोलीत त्यांच्या सासूबाई झोपून होत्या. त्यांना स्वतःहून उठता-बसता येत नव्हतं. रोज सकाळी नवरा-बायकोनं दोन्ही बाजूंनी धरून त्यांना त्या खुर्चीवर बसवायचं आणि अंघोळ घालायची. घरात बाथरूम एकच. दुरुस्ती करायची तर फरशी उखडायची, जुना कोबा फोडायचा, नवा घालायचा आणि तो पक्का होईपर्यंत थांबायचं. आठ-दहा दिवस सहज जाणार. ‘तेवढे दिवस आईंना कुठं न्हाऊ घालू, तुम्हीच सांगा,’ त्या म्हणाल्या.

हा प्रश्न चौदा महिने त्या घरात होता. फाईलमध्ये तो एकदाही आला नव्हता, कारण ‘तुमची अडचण काय आहे?’ हे वाक्य आमच्या एकाही पत्रात नव्हतं. आम्ही त्यांना ‘आडमुठे’ ठरवून मोकळे झालो होतो. आणि त्यांनीही, आपण कारण सांगितलं तरी ही माणसं ऐकणार नाहीत, असं आमच्याबद्दल ठरवून टाकलं होतं.

त्या दिवशी प्लंबरनं नहाणीची जाळी बुजवली, बाथरूममध्ये चार बोटं पाणी साठवलं आणि त्यात निळा रंग कालवला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खालच्या घरात जाऊन बघितलं. छताच्या एका कोपऱ्यात निळं पाणी उतरलं होतं. दुसऱ्या कोपऱ्यातला मोठा डाग मात्र ओला असूनही त्याला रंगाचा लवलेश नव्हता. तिथलं पाणी बाहेरच्या ड्रेनेज पाईपच्या सांध्यातून येत होतं. आदर्श उपविधींप्रमाणे घरातल्या नहाणीची, संडासाची, सिंकची गळती त्या सभासदानं दुरुस्त करायची आणि बाहेरच्या सामाईक पाईपची संस्थेनं. म्हणजे ज्या पाण्याबद्दल मी वरच्या घराला चार पत्रं पाठवली, त्यातलं बरंचसं पाणी संस्थेचंच होतं. मी सही केलेल्या पत्रांची मला त्या क्षणी जेवढी लाज वाटली, तेवढी पुढे कधी वाटली नाही.

काम झालं. सासूबाईंना दहा दिवस त्यांच्या लेकीकडे पाठवायचं ठरलं. जिन्यावरून त्यांना त्याच खुर्चीत बसवून खाली उतरवलं. चौघांनी खुर्ची धरली होती. त्यातला एक खालच्या घरातला, आजोबांचा नातू होता.

या पुस्तकाचं बीज त्या फाईलमध्ये आहे. पुढे मी आमच्या सोसायटीचं काम सोडलं, पण आसपासच्या सोसायट्यांमधली माणसं भांडणं घेऊन येत राहिली. गळती, पार्किंग, थकबाकी, कुत्रं, गच्चीची किल्ली, पुनर्विकास. मी वकील नाही, समुपदेशकही नाही. दोन्ही बाजूंच्या घरी जायचं, चहा घ्यायचा, ऐकायचं, एवढंच मी केलं. इतक्या घरांत बसल्यावर एक गोष्ट मनात पक्की झाली. माणसांशी वागताना आड येणारे अडथळे पुष्कळ आहेत, पण त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच सवय आहे: समोरच्याला विचारण्याआधी आपण त्याच्याबद्दल ठरवून टाकतो. हे पुस्तक त्या सवयीबद्दल आहे.

सहकारी गृहनिर्माण संस्था हा विषय मी मुद्दाम निवडला. माणसांशी कसं वागावं यावरची पुस्तकं बहुधा कचेरीतल्या नाहीतर व्यापारातल्या माणसासाठी लिहिलेली असतात. कचेरीतून संध्याकाळी घरी जाता येतं, नको असलेलं गिऱ्हाईक सोडून देता येतं. सोसायटीतला शेजारी मात्र सकाळी जिन्यात, रात्री पार्किंगमध्ये आणि दिवाळीत दारातल्या रांगोळीपाशी भेटतोच. आयुष्यभराची पुंजी घालून घेतलेलं घर एका भांडणासाठी कुणी विकत नाही. म्हणून माणसांशी वागण्याची खरी परीक्षा इथं होते.

या संस्थांमागची कल्पना मोठी होती. आपल्या देशातला १९०४चा पहिला सहकार कायदा फक्त पतसंस्थांपुरता होता. १९१२च्या कायद्यानं इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढायची वाट मोकळी केली, आणि १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. तिच्यामागे श्रीपाद सुब्राव तालमकी यांचे परिश्रम होते. शहरात भाड्याच्या जागांमध्ये राहणाऱ्या, एकेकट्यानं घर बांधणं न परवडणाऱ्या कुटुंबांनी एकत्र यावं आणि सगळ्यांनी मिळून घराचं मालक व्हावं, हा त्यामागचा विचार. पुढे १९६०चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम आला, आणि आज राज्यात एक लाखाहून जास्त गृहनिर्माण संस्था आहेत. ‘सहकार’ हा शब्द त्या प्रत्येकीच्या नावात आहे.

कायद्यानं आणि उपविधींनी या संस्थांना पुष्कळ शिकवलं. वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यायची, सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची, इतिवृत्त लिहायचं, हिशोब तपासून घ्यायचे. शेजाऱ्याच्या दारावर थाप मारल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं, हे मात्र कुठल्या कलमात येत नाही. आणि बहुतेक भांडणं त्या पहिल्या वाक्यावरच वळण घेतात.

ठरवून टाकण्याची ही सवय हाच पहिला अडथळा. ती कशी काम करते, हे आधी बघू. आपण स्वतः मेंटेनन्स भरायला उशीर केला तर आपल्याला कारण माहीत असतं: पगार उशिरा झाला, घरात आजारपण होतं, डोक्यातून निसटलं. दुसऱ्यानं उशीर केला की आपण म्हणतो, ‘तो माणूसच तसला.’ आपल्या चुकीचं कारण परिस्थितीत आणि दुसऱ्याच्या चुकीचं कारण त्याच्या स्वभावात शोधायचं, असा हा दुहेरी न्याय आहे. मानसशास्त्रात याचा बराच अभ्यास झाला आहे. १९६७ साली एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस या अमेरिकन संशोधकांनी विद्यार्थ्यांना क्यूबाच्या फिडेल कॅस्ट्रोच्या बाजूनं आणि विरुद्ध लिहिलेले निबंध वाचायला दिले आणि लिहिणाऱ्याचं खरं मत काय असेल ते विचारलं. काहींना आधीच स्पष्ट सांगितलं होतं, की कुठली बाजू मांडायची ते लिहिणाऱ्यानं निवडलेलं नाही, त्याला ती नेमून दिली होती. तरीही वाचणाऱ्यांचा कल हा निबंध म्हणजे लिहिणाऱ्याचं स्वतःचंच मत, असं मानण्याकडे राहिला. परिस्थिती डोळ्यांसमोर लिहून ठेवलेली असतानाही माणूस तिच्याकडे काणाडोळा करतो. मग बंद दाराआडची परिस्थिती त्याला कशी दिसावी? वरच्या घरातली ती खुर्ची जिन्यातून दिसत नव्हती.

या सवयीचं सर्वांत कठोर रूप मी जागा भाड्यानं देताना पाहिलं आहे. ‘बॅचलर नकोत’, ‘अमुक खाणारे नकोत’, ‘तमुक आडनावाचे नकोत’. इथं एका माणसाबद्दल नव्हे, न भेटलेल्या हजारो माणसांबद्दल एका दमात ठरवून टाकलेलं असतं. याला अडथळा म्हणणं फार सौम्य होईल. हा अन्याय आहे, आणि नावात सहकार मिरवणाऱ्या संस्थेला तो शोभत नाही. पुस्तकात या प्रश्नाला स्वतंत्र प्रकरण दिलं आहे, कारण शेजाऱ्याशी गोड बोलायचं आणि भाडेकरूला आडनावावरून परत पाठवायचं, असं दोन्ही एकत्र नांदू शकत नाही.

दुसरा अडथळा नियमाच्या आडोशाचा. नियम हवेतच. नियम नसतील तर दांडगटाचं राज्य येईल. पण नियम हा संभाषणाचा शेवट असतो, सुरुवात नव्हे. थकबाकीदाराला पहिल्याच कागदात वसुलीच्या कारवाईचा इशारा दिला, की तो पैसे भरण्याचा विचार बाजूला ठेवून उत्तर काय द्यायचं याचा विचार करायला लागतो. एका सोसायटीत सहा महिने मेंटेनन्स न भरलेल्या एका गृहस्थांकडे खजिनदार स्वतः गेले आणि म्हणाले, ‘इतकी वर्षं तुमचा चेक पहिला यायचा. सगळं ठीक आहे ना?’ नोकरी गेली होती. बायकोला अजून सांगितलेलं नव्हतं. हप्ते ठरले, दोघांच्या सह्यांनिशी. आठ महिन्यांत सगळी रक्कम जमा झाली, आणि नोटीसबोर्डावर त्यांचं नाव एकदाही लागलं नाही.

तिसरा अडथळा मानाचा. भांडण वाढतं तेव्हा मूळ मुद्दा केव्हाच मागे पडलेला असतो आणि ‘मी माघार घेतली तर लोक काय म्हणतील?’ एवढंच उरतं. आपल्याकडे चारचौघांत बोल लावणं हा फार मोठा घाव समजला जातो, आणि तो तसा आहेही. म्हणून समोरच्याला परत येण्यासाठी दार उघडं ठेवायला लागतं. चुकीच्या जागी गाडी लावणाऱ्याला वॉचमनसमोर सुनावलं तर तो दुसऱ्या दिवशी मुद्दाम तिथंच लावेल. घरी जाऊन ‘अहो, अॅम्ब्युलन्स वळणार नाही तिथून, जरा पुढे घेता का?’ असं म्हटलं तर त्याला गाडी हलवायला स्वतःचं असं कारण मिळतं. काम तेच होतं, माणूस मात्र शाबूत राहतो.

याच मानापायी सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप घातक ठरतो. जिन्यात दोघांत मिटलं असतं ते तिथं साठ घरांसमोर मांडलं जातं. वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही. ‘कृपया लक्ष द्यावे’ या तीन शब्दांत विनंतीही वाचता येते आणि टोमणाही. आपला सूर समोरच्याला नीट कळला असेल, अशी लिहिणाऱ्याची खात्री असते. ही खात्री प्रत्यक्षापेक्षा फार जास्त असते, असं ई-मेलवर केलेल्या प्रयोगांतही दिसून आलं आहे. माझा नियम साधा आहे. ग्रुपवर पाण्याच्या वेळा, सभेची तारीख, लिफ्ट बंद असल्याची सूचना जरूर टाकावी. एखाद्या माणसाबद्दलची तक्रार मात्र त्या माणसाच्या दारात जाऊनच करावी.

चौथा अडथळा मला सर्वांत उशिरा उमगला, तो गप्प माणसांचा. सभेत जोरात बोलणारे चार-पाच जण असतात आणि सगळी सभा त्यांच्यातच होते. गणपूर्तीसाठी दोन तृतीयांश सभासद किंवा वीस, यांतली जी संख्या कमी असेल ती लागते. ती भरली नाही तर अर्धा तास थांबून सभा तहकूब होते, आणि ती पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट राहत नाही. त्यामुळे शंभर घरांच्या सोसायटीचा निर्णय बारा माणसांत होऊ शकतो आणि तो कायदेशीरही असतो. पण न आलेल्या अठ्ठ्याऐंशी घरांचं काय? ‘आले नाहीत म्हणजे त्यांना पर्वा नाही,’ हे आपण पुन्हा न विचारताच ठरवलेलं असतं. त्यात रात्रपाळीची नर्स असते, जिने चढता न येणाऱ्या आजी असतात, आणि शेअर सर्टिफिकेटवर नाव नाही म्हणून सभेत बोलायचं की नाही हे न कळणाऱ्या बायका असतात. पाणी कधी येतं, लिफ्ट कुठल्या मजल्यावर अडकते, कचरा कोण कुठं टाकतो, हे बहुतेक वेळा त्यांनाच नेमकं माहीत असतं.

पुनर्विकासाच्या वेळी हा अडथळा फार महागात पडतो. २००९च्या शासकीय निर्देशांत पुनर्विकासासाठी ७५ टक्के सभासदांची संमती लागत असे. २०१९च्या सुधारित निर्देशांनी ती ५१ टक्क्यांवर आणली. काम अडून राहू नये हा त्यातला हेतू मला समजतो. पण ५१ टक्के ही कायद्याची अट झाली, शेजाराची नव्हे. उरलेल्यांना त्याच नव्या इमारतीत राहायचं आहे. ‘विरोध’ म्हणून ज्यांची नोंद होते, त्यांच्यातल्या कितीतरी जणांचा विरोध प्रकल्पाला नसतोच. एका आजींचं म्हणणं शेवटी एवढंच निघालं, की भाड्याच्या घरात असताना आपल्याला काही झालं तर हक्काच्या घरी परत यायचं राहून जाईल. ही भीती दोन वर्षं ‘बिल्डरविरोधी गट’ या नावाखाली मोजली जात होती.

बहुमताच्या पलीकडे जाता येतं याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं गाव. तिथली ग्रामसभा मत मोजून निर्णय घेत नाही, सर्वसहमतीनं घेते. एकाचा जरी विरोध असला तरी विषय थांबतो, पुन्हा चर्चेला येतो. अवघड विषयांसाठी अभ्यासगट बसतात, बाहेरचे जाणकारही त्यात येतात, आणि मग ग्रामसभा ठरवते. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी ही पद्धत जोपासण्यासाठी वर्षानुवर्षं काम केलं. याच गावाला २००९ साली, वनहक्क कायद्याखाली, देशात सर्वप्रथम सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या गावांमध्ये स्थान मिळालं. वेळ लागतो म्हणून सर्वसहमती अव्यवहार्य आहे, असं म्हणणाऱ्यांना मी हे गाव सांगते. शहरातल्या सोसायटीला ही पद्धत जशीच्या तशी उचलता येणार नाही, हे मान्य आहे. पण मतदानाआधी एक महिना प्रत्येक घरात जाऊन ‘तुमची अडचण काय?’ हे विचारणं, एवढा अभ्यासगट कुठल्याही कमिटीला जमण्यासारखा आहे.

एक इशारा द्यायला हवा. सगळी भांडणं गैरसमजातून होत नाहीत. कुणी संस्थेच्या पैशांत हात घालतो, कुणी एकट्या राहणाऱ्या बाईला त्रास देतो, कुणी दमदाटी करून पार्किंग बळकावतो. तिथं चहा घेऊन काही साधत नाही. त्यासाठी उपनिबंधकांचं कार्यालय आहे, कलम ९१ खाली सहकार न्यायालय आहे, पोलीस आहेत, आणि तिथं जायला संकोच वाटू नये. ‘समजुतीनं घ्या’ हा सल्ला आपल्याकडे बरेचदा ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच दिला जातो. तसा सल्ला या पुस्तकात कुठं सापडला, तर तो माझा दोष समजावा. विचारायचं ते खरं काय आहे हे कळावं म्हणून. खरं कळल्यावर कधी दुरुस्ती करायची असते, कधी माफी मागायची असते, आणि कधी तक्रारही दाखल करायची असते.

पुस्तकाचे चार भाग आहेत. पहिला घराघरांतल्या वादांचा: गळती, आवाज, पार्किंग, पाळीव प्राणी. दुसरा कमिटी आणि सभासद यांच्यातल्या व्यवहाराचा, त्यात पत्र कसं लिहावं आणि सभा कशी चालवावी हे आलं. तिसरा पुनर्विकासाचा. चौथा बोलून न सुटणाऱ्या तंट्यांचा. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी काही प्रश्न दिले आहेत. ते समोरच्याला विचारण्याआधी एकदा स्वतःला विचारून पाहावेत. उदाहरणं खरी आहेत. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं, मजले, गावं बदलली आहेत किंवा गाळली आहेत.

ज्यांनी मला आपल्या घरात बसू दिलं, ज्या गोष्टी नातेवाइकांनाही सांगितल्या नव्हत्या त्या सांगितल्या, त्या सगळ्यांचं ऋण या पानापानावर आहे. कमिटीत काम करणारी माणसं बिनपगारी, दिवसभराची नोकरी सांभाळून, रात्री अकराला पाण्याची टाकी बघायला गच्चीवर जातात. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे, आणि हे पुस्तक सर्वांत आधी त्यांच्यासाठी आहे.

ती बोटभर जाडीची फाईल अजून सोसायटीच्या कपाटात आहे. नवी कमिटी आली की तिला ती दाखवावी, असं मी सुचवलं आहे. तिच्यात शेवटी एक कागद मी नंतर जोडला. त्यावर तारीख आहे, कामाचा खर्च संस्थेचा किती आणि सभासदाचा किती याची विभागणी आहे, आणि खाली दोन्ही घरांच्या सह्या आहेत. नव्या सेक्रेटरीनं मला विचारलं, ‘चौदा महिने न झालेलं काम दोन आठवड्यांत कसं झालं?’ मी त्याला तिसऱ्या मजल्यावर घेऊन गेले. सासूबाई आता नाहीत. खुर्ची मात्र बाल्कनीत आहे, तिच्यावर तुळशीची कुंडी ठेवली आहे. बाईंनी चहा टाकला आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.